सैन्यभरतीचे उमेदवार, अक्कलदाढ आणि वैद्याचे कर्तव्य

छत्रपती संभाजीनगर शहरात पहाटे बाहेर पडणाऱ्यास छावणी परिसरात आणि गारखेड्याच्या क्रीडा संकुलात धावणाऱ्या तरुणांचे थवे नित्य दिसतात. लष्कराचे भरती कार्यालय याच शहरात असल्याने मराठवाड्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील मुले येथे येऊन सराव करतात. सोळाशे मीटर धावण्यास किती वेळ लागला, छाती किती फुगली, वजन किती भरले, याचा हिशेब त्यांच्या ओठांवर असतो. मात्र त्याच ओठांच्या आत काय चालले आहे, याची चौकशी ना ते करतात, ना त्यांचे प्रशिक्षक करतात आणि, खेदाने म्हणावे लागते, ना आपण करतो.

हे लिहिण्यास आमचीच एक चूक कारण झाली. काही वर्षांपूर्वी कन्नड तालुक्यातील एक उमेदवार खालच्या जबड्यातील मागील बाजूच्या वेदनेसाठी आमच्याकडे आला. आम्ही गुग्गुळकल्प दिला, त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या. उतार पडला. महिन्याभराने तो पुन्हा आला. आम्ही पुन्हा तेच दिले. दोन्ही वेळा शेवटच्या दाढेपर्यंत प्रकाश टाकून नीट पाहिले नाही आणि दंतवैद्याकडे पाठविलेही नाही. तिसऱ्या वेळी तो आमच्याकडे न येता बाजाराच्या गावी एका अप्रशिक्षित इसमाकडे गेला. त्या इसमाने अर्धवट उगवलेली अक्कलदाढ सोडून तिच्या पुढची चांगली दाढ उपटली. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरला, आणि पुढील भरतीपर्यंत त्याचे वय उलटले. त्याचे वडील आम्हांस भेटले, तेव्हा त्यांनी एकही उणा शब्द काढला नाही. ते आम्हांस अधिक लागले.

एका दाढेने एवढे कसे बिघडले, हे समजण्यासाठी लष्कराचा दंतगुणांचा हिशेब प्रत्येक वैद्यास ठाऊक असावा. वरच्या व खालच्या जबड्यातील समोरासमोर जुळणाऱ्या दातांच्या जोडीस गुण मिळतात. पुढचे दात, सुळे व उपदाढा यांच्या प्रत्येक जोडीस १ गुण. पहिली दाढ, दुसरी दाढ आणि पूर्ण वाढलेली तिसरी दाढ यांच्या प्रत्येक जोडीस २ गुण. अपूर्ण वाढलेल्या तिसऱ्या दाढेस १ गुण. बत्तीस दात पूर्ण असल्यास एकूण २२ गुण होतात आणि किमान १४ गुण आवश्यक असतात. त्याशिवाय प्रत्येक जबड्यात पुढील सहांपैकी चार व मागील दहांपैकी सहा दात समोरच्या दातांशी जुळून काम देणारे हवेत. तीव्र पायोरिया असलेला उमेदवार नाकारला जातो. दात न काढता बरा होण्याजोगा असेल, तर दंताधिकारी त्यास स्वीकारू शकतात.

आमच्या रुग्णाच्या खालच्या दोन्ही पहिल्या दाढा बालपणीच किडून गेल्या होत्या. तेथे ४ गुण गेले. अक्कलदाढा जुळणीत नव्हत्या. आणखी ४ गेले. उरले नेमके १४. उपटलेल्या दाढेने २ गुण नेले आणि मुलगा १२ वर आला. ती दाढ राहिली असती, तर तो काठावर का होईना, पार पडला असता.

अक्कलदाढ साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात उगवते. अग्निपथ योजना २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यातील उमेदवारीचे वयही साडेसतरा वर्षांपासून सुरू होते. म्हणजे दाढ उगवण्याचा आणि भरतीचा काळ एकच. उगवत्या दाढेवरील हिरडीच्या पदराखाली अन्न साचते, सूज येते, तोंड उघडेनासे होते. ही अवस्था आपल्याला अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी हनुवटीच्या शेवटच्या दाताशी होणारा, मोठी सूज, तीव्र वेदना व लालास्राव असलेला कफज अधिमांसक वर्णिला आहे. वाताने अधिक दात उगवताना तीव्र वेदना होते व तो उगवल्यावर ती शमते, असे वर्धन या व्याधीचे वर्णनही त्यांनी केले आहे. अधिमांसकात छेदन, त्यानंतर वचा, तेजोवती, पाठा व क्षार यांचे मधासह प्रतिसारण, पिंपळी-मधाचा कवल आणि पटोल, त्रिफळा, निंब यांच्या काढ्याने धावन सांगितले आहे. आचार्य नुसत्या गुळण्यांवर थांबले नाहीत, शस्त्रकर्मापर्यंत गेले, ही गोष्ट आम्ही त्या मुलाच्या बाबतीत विसरलो होतो.

मग प्रत्येक उमेदवाराची अक्कलदाढ आधीच काढून टाकावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. हिमशिखरावरच्या चौकीत दाढ सुजली तर दंतवैद्य कोठून आणणार, ही लष्कराची चिंता रास्त आहे. आपल्या सैन्यात १९४१ पासून स्वतंत्र दंतविभाग आहे, तो याचसाठी. परंतु ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य व चिकित्सा मार्गदर्शन संस्थेने २००० साली असा निर्देश दिला की, विकार नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढण्याची प्रथा बंद करावी. खालच्या अक्कलदाढेलगत ओठ व जिभेच्या संवेदनेच्या नाड्या असतात. शस्त्रकर्मात त्यांस इजा होण्याचा संभव असतो. शिवाय नीट उगवून जुळलेल्या अक्कलदाढेस भरतीत २ गुण आहेत. वारंवार सुजणारी, किडलेली किंवा पुढच्या दाढेस बाधा करणारी दाढ काढावी. निरोगी दाढ राखावी. हा निर्णय क्ष-किरण चित्र पाहून दंतवैद्यानेच घ्यावा.

येथे अधिकाराचा प्रश्न येतो. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रकर्मांचे प्रशिक्षण मान्य केले. त्यांत दंतकर्मेही आहेत. त्यावरून मोठा वाद झाला. त्या वादात आमची निष्ठा कोठे आहे, हे सांगण्याची गरज नाही. परंतु ती अधिसूचना पदव्युत्तरांसाठी आहे, आम्हां बी.ए.एम.एस. पदवीधरांसाठी नाही. हाडात रुतलेल्या दाढेस आम्ही हात लावणे हा शास्त्राचा अभिमान नव्हे, रुग्णाशी केलेला खेळ आहे. शहरात घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे चिठ्ठी देऊन पाठविण्यात वैद्याचा कमीपणा कसला? ताप, गिळताना त्रास, जबड्याखाली कठीण सूज किंवा तोंड न उघडणे ही लक्षणे दिसल्यास तर एक रात्रही थांबू नये. मानेत पसरणारी सूज श्वास कोंडून प्राण घेऊ शकते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही दोन शब्द. दाढदुखीस वेदनाशामक गोळ्यांची पट्टी मागणारा भरतीचा मुलगा गिऱ्हाईक म्हणून चांगला, पण उपाशीपोटी गोळी घेऊन उन्हात धावणाऱ्याच्या जठरास व वृक्कास ती बाधते. दुसऱ्यांदा मागणी आली की गोळीऐवजी सल्ला द्यावा. लवंगतेलाचा बोळा हिरडीवर तासन्तास ठेवल्यास दाह होतो, हेही सांगावे. गेरू वा खरबरीत चूर्ण असलेली मंजने जोराने घासल्यास दात झिजतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरी मशेरी घरोघरी भाजली जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही सुपारी-तंबाखूने तोंड आखडलेले विशीतले तरुण आम्ही पाहतो. ते तोंड पूर्ववत होणे कठीण, आणि त्याच्या पोटी कर्करोगाचे बीज असते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या गावच्या प्रत्येक भरती प्रशिक्षण केंद्रात सदस्यांनी वर्षातून दोनदा, भरतीच्या निदान सहा महिने आधी, जवळच्या दंतवैद्यास सोबत घेऊन मुखपरीक्षण करावे. दात मोजावेत, गुणांचा हिशेब कागदावर मुलाच्या हाती द्यावा. किडलेल्या दाढा भरून घेण्यास सांगावे, कारण भरलेली दाढ हिशेबात राहते, उपटलेली जात नाही तर काय? हिरड्यांसाठी दंतधावन, तिळतेलाचा गंडूष, त्रिफळाक्वाथ यांचा नियम लावून द्यावा. हे काम आपल्याइतके चांगले दुसरे कोणी करणार नाही. यास खर्च एका विजेरीचा आणि एका सकाळचा आहे.

तो कन्नडचा मुलगा आता शेती पाहतो. त्याचा धाकटा भाऊ यंदा धावण्याचा सराव करतो आहे. त्याचे दात आम्ही मोजले आहेत. १८ गुण भरले, आणि एक किडलेली दाढ भरून घेण्यास त्यास घाटीत पाठविले आहे.