सुगीचा सण आणि जेवणाचं कुपन



पाऊस थांबला असं बेळगावात म्हणायला जरा धीरच लागतो, पण या आठवड्यात तो खरंच थांबला आहे. खानापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भात पिवळं पडायला लागलंय, नाचणीची कणसं भरली आहेत, दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटका देतं आणि पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. चर्चच्या फलकावर दरवर्षीसारखा कागद लागला आहे: सुगीचा सण, उपकारस्तुतीची उपासना, त्यानंतर लिलाव व प्रीतिभोजन. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ‘भोजनाची कुपने कार्यालयात मिळतील.’

मला त्या बारीक ओळीबद्दल लिहायचं आहे.

सुगी हा शब्द मला फार आवडतो. आमच्या मंडळीत मराठी आणि कानडी दोन्ही घरं आहेत. भजन कुठल्या भाषेत आधी म्हणायचं यावर कधीमधी कुरबुर होते, पण सुगी म्हटलं की दोघांनाही कळतं. तिकडे सुग्गी, इकडे सुगी. वेदीपुढे भोपळे, रताळी, केळीचा घड, भाताच्या लोंब्या, ऊस, अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा. (तो नेमका उपदेश रंगात आला की आरवतो.) आमच्यातल्या बहुतेकांना आता शेत नाही. कोणी शिक्षक, कोणी दवाखान्यात, कोणी औद्योगिक वसाहतीत कामाला. म्हणून शनिवारी बाजारातून भोपळा आणायचा आणि रविवारी तो देवाला वाहायचा. आमच्या एक मावशी यावर दरवर्षी हसतात. मी हसत नाही. पगारातून घेतलेला भोपळाही घामाचाच असतो.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. चर्चमध्ये स्वयंसेवक म्हणून माझी कामं ठरलेली आहेत: खुर्च्या मांडणं, माइक लावणं, अर्पणाच्या वहीत नोंदी करणं. गेल्या सुगीला कुपनाच्या टेबलावर मी होतो. एका कुपनाला १५० रुपये. लहान मुलांचं निम्मं घ्यावं असं एकजण बैठकीत म्हणाले होते, पण तो मुद्दा तसाच राहून गेला.

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून एक कुटुंब आमच्याकडे उपासनेला येऊ लागलं होतं. वडील गवंडीकामावर, आई आणि तीन मुलं. मूळ गाव लांबचं, भाषा कानडी. शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद झाला की निघून जायचे. त्या दिवशी त्या बाईंनी गावाकडून आलेल्या भुईमुगाच्या शेंगा एका पिशवीत आणल्या होत्या. रांगेत येऊन त्यांनी ती पिशवी वेदीपुढे ठेवली. नंतर लिलावात त्या शेंगा दुसऱ्या वस्तूंबरोबर एका टोपलीत गेल्या आणि चांगली बोली लागून विकल्या गेल्या. टाळ्याही वाजल्या.

मग ते गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. किती म्हणून त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि “बरं, येतो साहेब” म्हणून ते गेले. मीही “बरं” म्हणालो आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडून पैसे घेतले. मांडवात मटणाच्या पातेल्यावरचं झाकण तेव्हा नुकतंच काढलं होतं. धाकटी मुलगी फाटकापर्यंत मागे बघत गेली.

माझ्या हातात शंभर कुपनांचं पुस्तक होतं. पाच फाडून देता आली असती. का दिली नाहीत? मनात आलं ते असं की संध्याकाळी खजिनदारकाकांना हिशेब काय देणार. संध्याकाळी हिशेब चोख जुळला, एका रुपयाचा फरक नव्हता. ते कुटुंब पुढच्या रविवारी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतर मी अनुवादाचा २६ वा अध्याय पुन्हा वाचला. उपकारस्तुतीच्या उपासनेत तो वाचतात, म्हणजे मी तो वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. नव्या देशात पीक आलं की प्रथमउत्पन्न टोपलीत घ्यायचं, याजकाकडे न्यायचं, त्यानं ते वेदीपुढे ठेवायचं. इथवर आपल्याला पाठ आहे. पण टोपली ठेवल्यावर त्या माणसाला काही बोलायचं असतं. पीक चांगलं आलं, पाऊस वेळेवर पडला, असलं काही तो बोलत नाही. तो आपल्या घराण्याची गोष्ट सांगतो: माझा पूर्वज भटकणारा अरामी होता, तो मिसरात जाऊन उपरा म्हणून राहिला, तिथं आमचा छळ झाला आणि परमेश्वरानं आम्हाला बाहेर काढलं. उपकार मानण्याची सुरुवात आपण कोण होतो हे सगळ्यांसमोर सांगण्यापासून होते. आणि त्याच्या पुढं, अकराव्या वचनात, आनंद कोणाबरोबर करायचा तेही सांगितलं आहे. घरच्यांबरोबर लेवी, ज्याच्या वाट्याला जमीन आली नाही. आणि तुमच्यात राहणारा उपरा. एकदा ज्यानं सांगितलं की मीच उपरा होतो, तो उपऱ्याला मांडवाबाहेर कसा ठेवणार?

आमच्या घराण्याची गोष्ट मी आजीकडून ऐकली आहे. सुगीत खळ्यावर रास पडली की तिची आई पदर पसरून खळ्याच्या कडेला उभी राहायची. राशीपाशी जायची मुभा नव्हती. वर्षभर गावाची कामं केली त्याचं धान्य सूप वर धरून पदरात टाकायचे, स्पर्श होऊ नये म्हणून. सुगीत खळ्यावरून कोणी रिकाम्या हातानं जात नसे, असं आपण कौतुकानं सांगतो. ते खरं आहे. पण खळ्याच्या मधोमध कोण होतं आणि कडेला कोण, तेही खरं आहे. पुढं आमचं घर ख्रिस्ती झालं. आजीला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवायचं? उपदेश नव्हे, बाप्तिस्माही नव्हे. चर्चच्या अंगणात एका पंगतीत बसून जेवल्याचं, आणि वाढणाऱ्यानं वाकून पानात वाढलं, वरून टाकलं नाही, हे. त्या माणसाचं नाव तिला शेवटपर्यंत पाठ होतं.

आपल्या समाजात जेवण ही साधी गोष्ट कधीच नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्यांचं सोवळं सुटल्याची हकीकत आठवत असेल. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंनी स्वतः ख्रिस्त स्वीकारायला आणखी काही वर्षं घेतली, आणि त्यांच्या मनातला मोठा झगडा कोणाच्या हातचं खायचं यावरच होता. इथं माणसं जवळ आल्याची खूण ताटावर दिसते.

आपला हा सण ज्या रूपात आहे तो तसा इंग्लंडातून आला. कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावी १८४३ साली रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकांनी सुगीची खास उपासना ठेवली. तिथून ही प्रथा पसरली आणि मिशनरी लोकांबरोबर आपल्याकडे आली. हॉकरांच्या त्या उपासनेची मुख्य गोष्ट लिलाव नव्हती. नव्या गव्हाची भाकर करून ती प्रभुभोजनाला वापरायची, ही होती. पीक वेदीकडे जायचं आणि वेदीवरून सगळ्यांच्या तोंडी परत यायचं.

प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब जी वचनं म्हणतात, ती करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातली आहेत. पण ती पौलानं का लिहिली, हे आपण क्वचितच वाचतो, कारण वाचन तेविसाव्या वचनापासून सुरू होतं. चार वचनं मागं जाऊन पाहा. करिंथात मंडळी एकत्र जेवायला जमायची. ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घ्यायचे, काहीजण तर प्यायलेलेही असायचे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहायचे. पौल त्यांना बजावतो की याला प्रभूचं भोजन म्हणताच येणार नाही, तुम्ही गरिबांना लाज आणता आहात. म्हणजे आपण ज्या शब्दांना इतकं पवित्र मानतो ते जेवणाच्या भांडणातून आले आहेत. आणि आम्ही आमच्या जेवणाला नाव दिलंय प्रीतिभोजन!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर खजिनदारकाका माझ्यावर रागावतील, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. आचारी, गॅस, मटण, मांडव या सगळ्याला पैसा लागतो. लिलावाचे पैसे छपराच्या कौलांसाठी बाजूला ठेवले आहेत आणि पावसाळ्यात पश्चिमेकडची भिंत गळते हे मी स्वतः पाहिलंय. कुपन नसेल तर किती माणसांचा स्वयंपाक करायचा याचा अंदाज येत नाही. एका वर्षी अन्न उरून फेकावं लागलं होतं. हे सगळं मान्य.

बैठकीत एक तोडगा निघाला: गरीब कुटुंबांसाठी वीस-पंचवीस मोफत कुपनं वेगळी ठेवू. हेतू चांगला आहे, पण मला तो मुळीच पटला नाही. ती कुपनं मागायला कोण येणार? टेबलापाशी उभं राहून, मागे रांग असताना, ‘आम्हाला त्यातलं द्या’ असं कोण म्हणणार? आजीची आई ज्या कडेला उभी होती तीच कडा आपण चर्चच्या अंगणात नव्यानं आखू.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुगीच्या दिवशी कुपन नको. भात, आमटी, एक भाजी आणि खीर. मटण नको. (यावर काय गदारोळ होईल मला माहीत आहे.) आणि तांदूळ आपण सगळ्यांनी मिळून आणू. मिझोरमच्या मंडळ्यांमध्ये १९१० च्या सुमाराला स्त्रियांनी एक पद्धत सुरू केली. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातला मूठभर देवासाठी बाजूला ठेवायचा. ते काही श्रीमंत लोक नव्हते, तरी त्या मुठींवर त्यांनी सुवार्तेची मोठमोठी कामं चालवली, आणि ती प्रथा अजून चालू आहे. मूठ ही अशी गोष्ट आहे की डॉक्टरच्या घरची आणि गवंड्याच्या घरची जवळपास सारखीच असते. डब्यात पडल्यावर तर कोणाची कुठली हे देवालाच ठाऊक.

महिला मंडळातल्या अक्कांशी मी बोललो. त्यांना हे पटलं. फक्त त्यांनी एक अट घातली, आणि ती माझ्या डोक्यातही आली नव्हती. त्या म्हणाल्या, “नव्या माणसांना नुसतं जेवायला बसवू नका. त्यांच्या हातात पळीपण द्या. वाढणारे नेहमी आम्ही आणि जेवणारे नेहमी ते, असं झालं तर कुपन असलं काय नि नसलं काय.” अक्का बरोबर आहेत. लेवीय २३ मध्ये सणांची यादी चालू असताना मध्येच एक आज्ञा येते, शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. तिथंही धान्य कोणी त्यांच्या पदरात टाकत नाही. ते आपल्या हातानं कापून नेतात. रूथनंही तसंच सरवा वेचला होता.

त्या कुटुंबाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी त्यांच्या शोधात जायला तीन महिने लावले. का लावले याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ज्या इमारतीवर ते काम करत होते ती पुरी झाली होती आणि कंत्राटदारानं माणसं दुसरीकडे हलवली होती. राखणदाराला एवढंच माहीत होतं की ते हुबळीकडे गेले. त्या बाईंच्या शेंगा मात्र आमच्या वहीत आहेत. माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘भुईमूग, एक पिशवी’. नाव विचारायचं राहिलं, म्हणून त्यापुढची जागा कोरी आहे.

शेवटच्या बाकावर सध्या आणखी दोन नवी घरं येतात. त्यांची नावं मी विचारून घेतली आहेत.

पंच कमिटीची बैठक येत्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आहे. निर्णय काय होईल सांगता येत नाही, तुम्ही प्रार्थना करा. तांदळाचा डबा मात्र कालपासून चर्चच्या व्हरांड्यात, घंटेच्या दोरीजवळ ठेवला आहे. झाकण जरा घट्ट बसतं, दोन्ही हातांनी उघडावं लागतं. यंदा कुपनं निघालीच तर टेबलावर दुसऱ्या कोणाला तरी बसवा, असं मी खजिनदारकाकांना सांगून टाकलंय. मी आमटी वाढायला असेन.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा एक स्वयंसेवक, बेळगाव