जुना दोर माणसाच्या भाराला नको



माझा भाचा सह्याद्रीतले सुळके चढतो. गणपतीला आला तेव्हा त्याने चढाईतून बाद केलेला चाळीस मीटर दोर आणला. "मामा, बागेत कामाला येईल." दोर दिसायला नवाकोरा, मी पडवीत टांगला. दोन दिवसांनी नारळ पाडायला आलेल्या गड्याने तोच कमरेला बांधायला घेतला. भाचा घरीच होता म्हणून बरं, त्याने धावत जाऊन थांबवलं.

या दोराच्या आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा असतो, वर विणलेलं आवरण. खरी ताकद गाभ्यात. झटके, ऊन, घर्षण यांनी दोर थकतो. बॅटरीचं ॲसिड लागलं तर वरून धड दिसूनही आतून कमजोर झालेला असू शकतो. आणि आपल्या खोपीत बॅटरी, खतं, औषधं सगळं एकाच कोपऱ्यात!

गडी म्हणाला, "एरवी मी काहीच न बांधता चढतो. त्यापेक्षा हा बरा की!" मला हे पटत नाही. काही बांधलेलं नसतं तेव्हा माणूस माडाला घट्ट धरून असतो. दोर असला की त्याच्यावर भार टाकून दोन्ही हात मोकळे सोडतो. फसवा दोर जास्त वाईट.

म्हणून चढाई करणाऱ्या पोरांना सांगणं: शेतकऱ्याला सामान जरूर द्या, पण कापून द्या. दोराचे चार-पाच फुटांचे तुकडे करा, हार्नेसचे पट्टे कापा. बाद झालेले ॲल्युमिनियमचे हुक वाकवून भंगारात घाला.

तुकड्यांना कामं भरपूर. केळीला टेकू बांधा, ताडपत्री ताणा, पडवळाचा मांडव बांधा. हार्नेसची गादी मी फवारणी पंपाच्या पट्ट्याला शिवली, खांदा आता काचत नाही. ट्रॅक्टरने ओंडका ओढायला मात्र हा दोर नको. तो ताणतो, आणि तुटला की उलटा फटका मारतो. उन्हाने आवरण फुसफुशीत झालं की शेतातून काढा. जाळू नका, धूर विषारी असतो.

गड्यासाठी मी नवीन सुरक्षा पट्टा आणला. माड आपले, नारळ आपले, मग पट्ट्याचा खर्चही आपलाच.