मोबाइलची डुलकी

पावसाळ्यात वीज गेली की विचुंब्यासारख्या गावात मोबाइलची बॅटरी जपावी लागते. रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन करायची वेळ येते. नुसता पडलेला फोन झोपतो, पण राखणदारासारखा. ४-जी फोन बहुधा दर १.२८ सेकंदांनी क्षणभर जागा होऊन टॉवरची हाक ऐकतो. ही वेळ टॉवरलाही ठाऊक असते, म्हणून हाक वाया जात नाही.

खरी बॅटरी खातात ते निरोप. निरोप संपला तरी फोन काही सेकंद पुढच्याची वाट पाहत जागाच! दहा ॲपनी दहा वेळा उठवले, तर झोप कसली? अशी कामे एकदम उरकण्याची सोय अँड्रॉइडने २०१५ साली केली. तरीही वीज नसताना इंटरनेट बंद ठेवा. साधा फोन येतोच. व्हॉट्सॲपचा तेवढा येणार नाही.