परदेशी मालक, ‘स्वदेशी’ देणग्या

अमेरिकेच्या निवडणुकीत परदेशी नागरिक, सरकार वा कंपनी यांना एक डॉलरही खर्च करता येत नाही. तरीही ब्रिटनची बीएई सिस्टिम्स, स्वित्झर्लंडची यूबीएस, बेल्जियन मालकीची अॅनहायझर-बुश अशा कंपन्यांशी संलग्न राजकीय समित्या तेथील उमेदवारांना नियमित देणग्या देतात. ‘ओपनसीक्रेट्स’ ही वॉशिंग्टनमधील संस्था या देणग्यांची स्वतंत्र आकडेवारी मांडत आली आहे.

यात कायदाभंग नाही. हा पैसा कंपनीच्या तिजोरीतून येत नाही; तो तिच्या अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक वर्गणीचा असतो. देणगी कोणाला द्यायची, याचा निर्णयही अमेरिकी नागरिकांनी किंवा तेथील कायम रहिवाशांनीच घ्यायचा असतो. एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ५,००० डॉलर ही मर्यादा आहे. कर्मचाऱ्यांना राजकीय मत असण्याचा हक्क आहे, हा युक्तिवादही रास्त आहे. मात्र कायदा पैसा कोणाच्या खिशातला, एवढेच विचारतो. हित कोणाचे, हे विचारत नाही. संरक्षण कंत्राटांचा लाभ अखेर लंडनच्या भागधारकांनाही होतोच.

तरीही या समित्यांचा हिशेब निदान उघड असतो. खरे भगदाड २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने पाडले. त्यानंतर कंपन्यांना स्वतःच्या तिजोरीतून प्रचारावर स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये चिनी नागरिकांच्या मालकीच्या, पण कॅलिफोर्नियातील एका कंपनीने जेब बुश यांच्या समर्थक समितीला १३ लाख डॉलर दिले. कंपनीचे नाव सरकारी नोंदीत होते. तिचा मालक कोण, हे पत्रकारांनी शोधून काढले. निर्णयात परदेशी व्यक्तींचा सहभाग असल्याने २०१९ मध्ये कंपनीला साडेपाच लाख, तर समितीला ३ लाख ९० हजार डॉलर दंड झाला. तोवर ती निवडणूक होऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आपल्याकडे मात्र उलटेच घडले. वेदान्त समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांनी परदेशी देणगी कायद्याचा भंग केला, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. त्यावर उपाय म्हणून ‘परदेशी’ शब्दाची व्याख्याच बदलण्यात आली. २०१६ मध्ये ती २०१० पासून आणि २०१८ मध्ये थेट १९७६ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने! निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचे नावही झाकले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ते रोखे घटनाबाह्य ठरविले. व्याख्येतील बदल मात्र कायम राहिला.

अमेरिकेचा नियम सदोष आहे, पण आकडे उघड असल्याने तो दोष दाखविता तरी येतो. देणगीच्या नोंदीत रकमेसोबत कंपनीच्या अंतिम मालकाचे नावही असणे, ही दोन्ही लोकशाह्यांची किमान गरज आहे. मतदाराला तेवढे कळले, तर निष्कर्ष काढण्यास तो समर्थ आहे.