रीलची साथसंगत

अभ्यासक्रमाची अखेर झाली, प्रमाणपत्रे हाती पडली आणि पुण्या-मुंबईच्या, क्वचित हैदराबाद-बंगळुरूच्या स्टुडिओंकडे अर्ज रवाना होऊ लागले, की आमच्या ॲनिमेशन व्यवसायातील उमेदवाराच्या मनाला जी चिंता सर्वांत अधिक व्यापते ती डेमो रीलची असते. कारण इतर पेशांत जे काम दाखला, शिफारसपत्र आणि मुलाखत ही तिन्ही मिळून करतात, ते आमच्या क्षेत्रात या दीड मिनिटाच्या चित्रफितीला एकटीने करावे लागते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील ज्या तरुणांची मोठ्या शहरात कोणाशी ओळखदेख नाही, नामांकित संस्थेचा शिक्का ज्यांच्या अर्जावर नाही, त्यांची सारी भिस्त तर या फितीवरच असते. असे असूनही तिच्या सिद्धतेत संगीताची निवड बहुधा शेवटच्या रात्रीवर सोडली जाते. महिनोन्महिने एकेका हालचालीवर कष्ट घेतलेला कलावंत त्या आठवड्यात गाजत असलेले गाणे उचलतो, ते कामाखाली सरकवतो आणि फीत धाडून मोकळा होतो. या प्रघाताविषयी चार गोष्टी स्पष्टपणे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट अशी, की निवड करणारा अधिकारी फीत पाहतो तेव्हा तो आवाज चालू ठेवीलच याची कसलीही हमी नसते. एका बैठकीत अनेक अर्ज निकालात काढावयाचे असतात, दालनात इतरांचे काम चाललेले असते, आणि त्याच्या नजरेला हवा असतो तो केवळ पात्राचा तोल, वजन, विराम आणि अभिनय. म्हणून रीलची पहिली परीक्षा मूकपटाचीच होय. दादासाहेब फाळके यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांना जी चेतना दिली, तिला ध्वनीचा आधार नव्हता. जे काही सांगावयाचे ते त्या काड्यांच्या गतीलाच सांगावे लागले. आवाज पूर्ण बंद करून पाहिल्यावर जो शॉट निस्तेज वाटतो, तो कोणत्याही वाद्यवृंदाने तेजस्वी होत नाही. तो कापून टाकणे हाच उपाय होय. उत्तम काम प्रारंभी ठेवावे, दुय्यम काम मुळीच ठेवू नये, लांबी एक ते दोन मिनिटांच्या आत राखावी, नाव आणि संपर्क आरंभी व शेवटी स्वच्छ अक्षरांत द्यावा, आणि सामूहिक कामात आपला वाटा कोणता – ॲनिमेशन, रिगिंग, प्रकाशयोजना की कंपोझिटिंग – हे त्या त्या शॉटखाली प्रामाणिकपणे नमूद करावे. एवढे झाल्यावरच संगीताचा विचार सुरू व्हावा.

मग संगीताचे प्रयोजन काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सांगलीकरास दूर जावे लागत नाही. 1843 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्या खेळात पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने अभिनय करीत असत. स्वर एका ठिकाणी, देह दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंना बांधणारी लय एकच, ही जी रचना मराठी नाटकाच्या जन्मापाशी आढळते, तीच ॲनिमेशनपटाला अखेरपर्यंत पाळावी लागते. कारण आमच्या पात्राला स्वतःचा कंठ नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने गायचे असते. वॉल्ट डिस्ने यांच्या चमूने 1928 च्या ‘स्टीमबोट विली’मध्ये चित्र आणि संगीत यांची मोजणी आधीच एकत्र करून ठेवली, तीही याच तत्त्वाची व्यवस्था होती. भीमसेन यांनी ॲनिमेशन केलेल्या 1974 च्या ‘एक अनेक और एकता’ या चित्रपटास वसंत देसाई यांचे संगीत लाभले. त्या चित्रपटाचा इतक्या पिढ्यांच्या स्मृतीवर जो ठसा आहे, तो स्वर आणि रेषा यांना परस्परांपासून वेगळे करता येत नाही म्हणूनच. अर्थात रील म्हणजे चित्रपट नव्हे. रीलमध्ये संगीताने साथ करावयाची असते. आणि साथीदाराने मैफल आपल्याकडे ओढून घेतली, तर श्रोत्यांस गायक दिसेनासा होतो.

साथ जुळवायची म्हणजे हिशेब जुळवायचा. चित्रफीत सेकंदाला 24 फ्रेम या गतीची असेल, तर एका मिनिटात 1440 फ्रेम होतात. म्हणून मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेस 12 फ्रेम, 96 च्या लयीत 15, 90 च्या लयीत 16, 80 च्या लयीत 18 आणि 72 च्या लयीत 20 फ्रेम येतात. 100 च्या लयीत मात्र 14.4 फ्रेम येतात, आणि तो अपूर्णांक मात्रेला दोन फ्रेमच्या मध्ये अडकवतो. 25 फ्रेमच्या फितीत याच्या उलट 100 ची लय निःशेष बसते आणि 15 फ्रेम देते. तेव्हा गाणे निवडण्यापूर्वी आपल्या फितीची गती कोणती हे पाहून ठेवावे. त्रितालाच्या 16 मात्रा 96 च्या लयीत बरोबर 10 सेकंदांत पुऱ्या होतात. म्हणजे नऊ आवर्तनांत दीड मिनिटाचे रील संपते, आणि प्रत्येक समेवर नव्या शॉटचा आरंभ किंवा एखाद्या उडीचे भूमीवर टेकणे ठेवता येते. पात्राची वॉक सायकल 12 फ्रेमना एक पाऊल अशी असेल, तर तिला 120 ची लय आपसूक मिळते. मात्र प्रत्येक मात्रेवर शॉट कापला, तर निवड करणाऱ्याच्या डोळ्यास पात्राची हालचाल पुरती वाचण्यास अवधी उरत नाही. सम राखावी, मधल्या मात्रा मोकळ्या सोडाव्यात. आणि हालचालीचा ठोका ध्वनीच्या ठोक्याआधी एक-दोन फ्रेम पडेल असे पाहावे, म्हणजे आघात खरा वाटतो.

वाद्याच्या निवडीतही हाच विवेक हवा. ज्या रीलमध्ये लिप-सिंकचे शॉट आहेत, तेथे शब्दांचे गाणे ठेवणे म्हणजे दोन वक्त्यांना एकाच वेळी बोलावयास लावणे होय. अशा ठिकाणी केवळ वाद्यसंगीत घ्यावे, संवाद सुरू होताच ते खाली उतरवावे आणि संवाद संपल्यावर पुन्हा वर आणावे. मॉडेलिंगच्या टर्नटेबलला द्रुत लय देऊ नये. तेथे पाहणाऱ्यास पृष्ठभाग आणि वायरफ्रेम न्याहाळण्यास स्वस्थता लागते. संक्षेपाची भीती वाटत असेल, तर उमेदवाराने मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकाव्यात. तासभर विस्तारता येणाऱ्या रागाचे संपूर्ण रूप जेमतेम तीन मिनिटांत उभे करण्याचे कसब ज्या गळ्याने दाखविले, त्याचा धडा दीड मिनिटाच्या फितीला पुरेसा आहे.

आता हक्काचा प्रश्न. गाजलेले गाणे विनापरवाना उचलणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय तो उमेदवाराच्या हिताच्या आड येणारा प्रमाद आहे. कारण व्हिडिओच्या संकेतस्थळावरील यंत्रणा अशा फितीचा आवाज बंद करते किंवा ती अडवून ठेवते, आणि नेमक्या मुलाखतीच्या सकाळी दुवा उघडेनासा होतो. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमान्वये शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र मालमत्ता आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर 60 वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाची मुदत सरली म्हणून गीताची सरलीच असे नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावरील संगीत घेणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे, की ज्या परवान्यात रूपांतरास मनाई आहे, ते संगीत चित्राशी कालबद्ध जोडता येत नाही, कारण त्या परवान्याच्या दृष्टीने अशी जोडणी रूपांतरच ठरते. कोणाकडून संगीत करून घेतले, तर परवाना लेखी असावा आणि त्यात मुदत व प्रदेश ही दोन्ही कलमे असावीत. ती नसतील तर कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश केवळ भारत असा धरतो, आणि परदेशी स्टुडिओकडे अर्ज करणाऱ्या उमेदवाराची अडचण होते.

हा शेवटचा मार्ग, म्हणजे संगीत करून घेण्याचा, आम्हांस सर्वांत श्रेयस्कर वाटतो, आणि या दोन जिल्ह्यांत तो जितका सुलभ आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडत आले आहेत, आणि तेथील या दोन्ही वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. सातारा जिल्ह्यातील औंधास अनंत मनोहर जोशी यांनी सुरू केलेला संगीतोत्सव आजही भरतो. तबला, संवादिनी, सतार, बासरी शिकणारे विद्यार्थी या परिसरात आहेत, आणि त्यांनाही आपले काम जगापुढे आणणाऱ्या माध्यमाची गरज आहे. 96 ची लय, नऊ आवर्तने, अमुक समेवर अमुक घटना, एवढा मसुदा कागदावर लिहून एखाद्या वादकापुढे ठेवला, त्याला वाजवी मेहनताना दिला आणि फितीच्या शेवटी त्याचे नाव घातले, तर जे रील तयार होईल ते शेकडो फितींत ऐकू येणाऱ्या त्याच त्या ढोलबडव्या तुकड्यांपासून पहिल्या दोन सेकंदांतच वेगळे उठून दिसेल.

आमच्या अध्यापक बंधुभगिनींना म्हणून आमची विनंती आहे, की त्यांनी रीलचे संगीत हा विषय अखेरच्या आठवड्यात न ढकलता अभ्यासक्रमाच्या मध्यावर आणावा, विद्यार्थ्यांना मात्रा आणि फ्रेम यांचा हिशेब हाताने मांडावयास लावावा, आणि प्रत्येक फीत प्रथम आवाजाविना तपासावी. उमेदवारांना आमचे सांगणे एवढेच: काम स्वतःच्या पायांवर उभे राहील असे करा, संगीत हक्काचे आणि मोजलेले घ्या, आणि ज्याने ते वाजविले त्याचे नाव व मोबदला यांत कसूर करू नका.