शून्य आणि ‘समजले नाही’

संगणक कधी चुकत नाही, असे आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. पण या वर्षी त्याने माझ्या आईच्या बचत गटाचे एकोणीसशे रुपये एका रुपयावर आणून ठेवले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून माझे मत बदलले आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. साहजिकच गटाच्या वहीची बेरीज माझ्याकडे आली. सरांनी त्यासाठी बेसिक ही सोपी संगणक-भाषा सुचविली. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या प्राध्यापकांनी ती १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात तयार केली. तीही केवळ विज्ञानाच्या नव्हे, तर सर्वच शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे आपण कला शाखेचे विद्यार्थी तिथे उपरे नाही!

वहीत आकड्यांबरोबर शब्दही असल्यामुळे प्रत्येक नोंद मजकूर म्हणून, म्हणजे ‘स्ट्रिंग’ म्हणून वाचावी लागते. मजकुराची बेरीज होत नाही, नुसती जोडणी होते. ‘१०’ आणि ‘२०’ मिळून ‘१०२०’! म्हणून मजकुराचा आकडा करणारे ‘व्हॅल’ हे फंक्शन वापरायचे. ते डावीकडून वाचू लागते आणि अनोळखी चिन्ह भेटताच थांबते. तोवर हाती आले ते उत्तर. काहीच आले नाही तर शून्य.

माझ्या पहिल्या तीन नोंदी पाहा. एकीने इंग्रजी अंकांत १,२५० लिहिले होते. व्हॅल स्वल्पविरामापाशी थांबले, उत्तर १. दुसरीने मराठी अंकांत ५०० लिहिले होते. व्हॅलला मराठी अंक कळत नाहीत, उत्तर शून्य. आईने अक्षरांत ‘दीडशे’ लिहिले होते, पुन्हा शून्य. आई म्हणाली, “अरे, मी पैसे दिलेच नाहीत असं म्हणतंय का हे?”

तिच्या प्रश्नातच माझे सारे म्हणणे आले. ‘काही नाही’ आणि ‘मला समजले नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. पैसे न भरणारी आणि ‘दीडशे’ लिहिणारी या दोघींना एकच शून्य मिळावे, हा अन्याय आहे. पायथन ही भाषा या बाबतीत अधिक प्रामाणिक. तिच्या ‘इंट’ला मराठी अंक कळतात आणि ‘दीडशे’ कळले नाही तर ती चूक दाखवून थांबते.

अर्थात दोष एकट्या बेसिकचा नाही. व्हॅल आपल्या नियमाने वागले. नोंद न तपासता त्याच्या हाती देणारा मीच. आता माझा प्रोग्रॅम आधी स्वल्पविराम काढतो, मराठी अंक बदलतो आणि तरीही एखादे अक्षर उरले तर ती नोंद पडद्यावर दाखवून मला विचारतो. बेरीज एकोणीसशे आली.

मित्रहो, असे शून्य मलाही मिळालेले आहे. पहिल्या वर्षी इंग्रजीत विचारलेला प्रश्न न कळल्याने मी गप्प बसलो, की याला काही येत नाही, असे ठरून जाई. उत्तर मला येत होते; ते फक्त ‘दीडशे’सारखे अक्षरांत होते. म्हणून गुरुजनांना आणि उद्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना एकच विनंती. शून्य मांडण्यापूर्वी एकदा विचारून पाहा.