जुन्या ट्रकचा टेम्परेचर मीटर चालू करून घ्या, पण नुसता मीटर बदलून नाही

उन्हाळी टोमॅटो निघायला लागलाय आणि संगमनेरकडून नारायणगावच्या मार्केटला जाणारे जुने ट्रक-टेम्पो परत रस्त्यावर दिसायला लागलेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या केबिनमध्ये बसून बघितलं तर टेम्परेचरचा काटा खाली झोपलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, “मीटर बंद आहे दादा, पण गाडी एक नंबर चालतीय.”

माझं स्पष्ट मत आहे, काटा बंद असलेली गाडी एप्रिल-मेमध्ये भरून घाटात घालू नये. आपण ठिबकच्या फिल्टरला दोन प्रेशर गेज लावतो आणि दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर धुतो. तिथं गेज बंद पडला तर फार तर लॅटरल चोक होतील. इथं इंजिन जातं. हेड बेंड, गॅस्केट, कधी लायनर-पिस्टन, आणि गाडीत वीस-वीस किलोचे क्रेट उन्हात उभे. सेन्सर आणि वायर मिळून लागणारा खर्च त्या दिवशीच्या हमालीएवढाही नसतो.

पण मीटर बंद म्हटलं की लोक थेट नवीन मीटर आणतात, ते मला पटत नाही. जुन्या गाडीत मीटर क्वचित जातो. जाते ती वायर, नाहीतर अर्थ.

साधं गणित असं आहे. सेन्सर म्हणजे पितळी बोल्टात बसवलेला एक रेझिस्टन्स. पाणी गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट जास्त जातो, काटा वर चढतो. बहुतेक जुन्या सेन्सरला एकच वायर असते, दुसरी बाजू इंजिनच्या बॉडीतून अर्थ होते. म्हणून वायर तुटली की काटा कायम ‘थंड’ दाखवतो, आणि वायर सोलून कुठं बॉडीला टेकली की किल्ली फिरवताच एकदम ‘गरम’वर जातो. दोन्ही वेळा इंजिन बिचारं ठीक असतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. किल्ली ऑन करा, इंजिन बंद ठेवा, सेन्सरवरची वायर काढून तिचं टोक क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. काटा वर गेला तर मीटर आणि वायर चांगली, सेन्सर नाहीतर त्याचा अर्थ खराब. काटा हलला नाही तर दोष वायरमध्ये किंवा मीटरकडं. सेन्सरचा संशय असेल तर तो काढून मल्टिमीटर लावा आणि गरम पाण्यात बुडवा. पाणी तापेल तसा आकडा खाली यायला हवा, जागचा हलला नाही तर सेन्सर फेकून द्या. ही पद्धत जुन्या साध्या वायरिंगची आहे. ईसीएम असलेल्या गाडीत वायर अशी टेकवत बसू नका.

डिझेलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदम वेडेवाकडे दाखवत असतील, किंवा हेडलाइट लावली की दोन्ही सरकत असतील, तर सेन्सरला हात लावायची गरज नाही. मीटरच्या पाटीचा अर्थ गेलाय, किंवा मागचा छोटा स्टॅबिलायझर. पाटीपासून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका. इंजिन ते चेसिस जी विणलेली पट्टी असते तीही बघा. गंजून तिचे चार तार शिल्लक असतात आणि सगळे मीटर त्याच भरवशावर.

वायर टाकायची तर सेन्सरपासून मीटरपर्यंत अखंड. जुन्या लूममध्ये जोड शोधत बसलात तर एक सापडेल आणि दुसरा पुढच्या महिन्यात दगा देईल. गाडीची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, एक स्क्वेअर एमएमची पुष्कळ झाली. मोटारीच्या स्टार्टरमधून उरलेली जाड सिंगल तार नको, ती इंजिनच्या हादऱ्यानं तुटते. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या, पत्र्यातून जाते तिथं रबरी बुश घाला, आणि इंजिनजवळ थोडी ढील ठेवा. केबिन उचलणारी गाडी असेल तर तिथंही ढील हवीच. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हे सांगायला नको.

नवीन सेन्सर घेताना मीटरशी जुळणारा घ्या. आटे बसले म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. रेझिस्टन्स वेगळा असला तर काटा हलेल, पण खोटं बोलेल. जुळणारा मिळत नसेल तर मीटर आणि सेन्सर जोडीनंच बदला, आणि गाडी 12 व्होल्टची की 24 व्होल्टची ते बघून. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळ-गुंडाळ गुंडाळू नका, अर्थ तिथूनच मिळतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. मीटर चालू झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. सेन्सर फक्त त्याला लागलेल्या पाण्याचं तापमान सांगतो. आमच्या भागातल्या एका ट्रकचा खालचा होज चंदनापुरी घाटात फुटला. काटा आधी चढला, मग हळूहळू खाली आला. ड्रायव्हरला वाटलं, चढ संपत आला, गाडी गार झाली. प्रत्यक्षात सेन्सरजवळ पाणीच राहिलं नव्हतं. वरती पोहोचेपर्यंत इंजिन जाम. चढावर, लोड असताना काटा आपोआप उतरायला लागला तर तिथंच बाजूला घ्या. आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की उसळून तोंडावर येतं.

म्हणून जुन्या गाडीला मी आणखी एक सेन्सर सुचवतो, लगवाला, हेडवरच्या एखाद्या छोट्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली बसणारा. मुख्य हेडबोल्टला हात लावायचा नाही. तो पाण्याचं नाही, लोखंडाचं तापमान घेतो, पाणी गेलं तरी खरं सांगतो. त्याला बझर जोडला की काट्याकडं बघायचं ध्यानात राहिलं नाही तरी चालतं. रात्रीच्या ड्रायव्हरला तर काट्यापेक्षा बझरच बरा.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्रीही आहेत. माझा त्याला विरोध आहे. तो साधारण 80 अंशांच्या पुढंमागं उघडतो आणि बऱ्याच इंजिनांत बायपास बंद करायचं कामही तोच करतो. काढला तर काही गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं. आधी रेडिएटर, बेल्ट, वॉटर पंप बघा.

जुना ट्रक विकत घेणार असाल तर सकाळी थंड इंजिनवर किल्ली ऑन करून बघा. काटा तेव्हाच मधोमध असेल तर कुणीतरी त्याला तिथं बसवलाय. खालून हळूहळू चढत मध्यावर येऊन थांबला, तरच पुढचं बोलणं करा.